बुद्धिबळातील ‘लघुतम मात’ : संकल्पना, पडताळणी आणि मुंबईतील परंपरा

बीजशब्द : बुद्धिबळ, कूटप्रश्न, लघुतम मात, प्यादेमात, प्रतिगामी विश्लेषण, गिरगाव

१. प्रस्तावना

वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत बुद्धिबळाच्या पटाची एक लहानशी आकृती छापली जाते आणि तिच्याखाली ‘पांढऱ्याने खेळून दोन चालींत मात’ असे एक वाक्य असते. गिरगावातील वाड्यांमध्ये किंवा परळ-लालबागच्या चाळींमध्ये सुटीच्या दिवशी पट मांडून बसणाऱ्यांना हे वाक्य चांगलेच परिचित आहे. वाक्य छोटे असले तरी त्याची मागणी मोठी आहे. ‘मात करा’ एवढेच ते सांगत नाही, तर ‘यापेक्षा कमी चालींत मात होऊ शकत नाही आणि एवढ्या चालींत ती कोणत्याही बचावाविरुद्ध होतेच’ असा दुहेरी दावा त्यात अनुस्यूत आहे.

बहुसंख्य वाचक यातील पहिल्या दाव्याकडे लक्ष देत नाहीत. मात सापडली की कोडे सुटले, असा त्यांचा समज असतो. वस्तुतः मात सापडणे आणि लघुतम मात सिद्ध होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी कल्पकता पुरते, दुसरीसाठी सिद्धता लागते. हा भेद साध्या उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे आणि मुंबईतील बुद्धिबळाच्या इतिहासाशी त्याचा असलेला संबंध दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. काही प्राथमिक संज्ञा

राजावर हल्ला झाला की ‘शह’ होतो. शहातून सुटण्याचा एकही मार्ग उरला नाही की ‘मात’ होते. राजावर शह नाही, पण ज्याची पाळी आहे त्याला एकही नियमसंमत चाल उपलब्ध नाही, अशी अवस्था आली तर डाव बरोबरीत सुटतो. यालाच स्टेलमेट म्हणतात. कूटप्रश्नात चालींची मोजणी मात करणाऱ्या पक्षाच्या चालींवरून होते. ‘दोन चालींत मात’ म्हणजे पांढऱ्याची एक चाल, काळ्याचे कोणतेही उत्तर आणि पांढऱ्याची मात करणारी दुसरी चाल.

यातील ‘कोणतेही’ हा शब्द कळीचा आहे. काळा चुकेल अशी अपेक्षा धरून केलेली योजना कूटप्रश्नात ग्राह्य धरली जात नाही. काळ्याच्या प्रत्येक संभाव्य उत्तराला पांढऱ्याजवळ मातेची चाल तयार असावी लागते.

पटावरील घरे सांगण्यासाठी येथे प्रचलित पद्धत वापरली आहे. पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे असून पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळींना १ ते ८ असे क्रमांक आहेत.

३. शह देण्याचा मोह : एक उदाहरण

पुढील स्थिती पटावर मांडावी. पांढऱ्याचा राजा एफ-६ वर आणि हत्ती ए-१ वर, काळ्याचा एकटा राजा एच-८ वर. खेळण्याची पाळी पांढऱ्याची.

नवशिक्या खेळाडूचा हात प्रथम हत्तीकडे जातो. हत्ती एच-१ वर नेऊन शह देता येतो. काळा राजा जी-८ वर जातो, कारण त्याला दुसरे घर नाही. आता हत्तीने पुन्हा शह दिला तर काही साधत नाही. परंतु हत्ती एच-२ वर ठेवून नुसती वाट पाहिली तर काळ्याला एफ-८ वर जावेच लागते, आणि मग हत्ती एच-८ वर जाऊन मात करतो. म्हणजे तीन चालींत मात झाली. उत्तर अचूक आहे, काळ्याला कोठेही पर्याय नव्हता. तरीही ते लघुतम नाही.

पांढऱ्याने शह न देता राजा एफ-७ वर नेला तर काय होते? काळ्याला केवळ एच-७ हे घर उरते. तो तेथे गेला की दोन्ही राजे सातव्या ओळीत एक घर सोडून समोरासमोर येतात. जी-६, जी-७ आणि जी-८ ही तिन्ही घरे पांढऱ्या राजाच्या ताब्यात असतात. हत्ती एच-१ वर येतो आणि मात होते. येथे दोनच चाली लागल्या.

या उदाहरणाचे तात्पर्य असे की, शह हा सर्वांत आक्रमक दिसणारा मार्ग असला तरी तो सर्वांत जवळचा असेलच असे नाही. शह देऊन राजाला हलविले की तो बहुधा अधिक मोकळ्या जागी जातो. शांत चाल त्याला हलवीत नाही. तो जेथे जाणार ते घर आधीच निश्चित करते. कूटप्रश्नांच्या रचनाकारांनी म्हणूनच पहिली चाल शह देणारी नसावी, असा संकेत सर्वसाधारणपणे पाळलेला दिसतो.

४. दुहेरी उत्तराचा दोष आणि एका प्याद्याचे कार्य

वरील स्थिती बारकाईने पाहणाऱ्याला तीत एक दोष आढळेल. पांढऱ्याने राजा एफ-७ ऐवजी जी-६ वर नेला तरी काळ्याला जी-८ हे एकच घर उरते, आणि मग हत्ती ए-८ वर जाऊन मात करतो. म्हणजे दोन चालींच्या माती दोन झाल्या. प्रत्यक्ष डावात यात काही बिघडत नाही. कूटप्रश्नात मात्र दोन भिन्न पहिल्या चालींनी उत्तर येणे हा रचनेचा दोष मानला जातो, कारण एकच निश्चित उत्तर हा कूटप्रश्नाचा प्राण होय.

हा दोष दूर करण्यासाठी ए-२ वर एक पांढरे प्यादे ठेवावे. हे प्यादे शह देत नाही, मातेत भाग घेत नाही, काळ्या राजाच्या आसपासही फिरकत नाही. पण ते हत्तीची उभी वाट अडविते. आता राजा जी-६ वर गेला तर हत्तीला आठवी ओळ गाठता येत नाही आणि ते उत्तर आपोआप बाद होते. निरुपयोगी भासणारे मोहरे चांगल्या कूटप्रश्नात बहुधा याच कामासाठी उभे असते. म्हणून अनुभवी सोडविणारा ‘हे मोहरे येथे का आहे?’ या प्रश्नाने प्रारंभ करतो.

५. ‘यापेक्षा कमी नाही’ हे कसे सिद्ध करावे?

आता मूळ मुद्दा. सुधारित स्थितीत राजा एफ-७ ही एकमेव चाल आहे, हे कशावरून? या स्थितीत पांढऱ्याला एकूण १६ नियमसंमत चाली आहेत : राजाच्या ७, हत्तीच्या ७ आणि प्याद्याच्या २. त्यांपैकी एकीनेही तत्काळ मात होत नाही, म्हणून एका चालीची मात संभवत नाही. उरलेला प्रश्न दोन चालींचा.

१६ चाली एकेक करून तपासणे शक्य आहे. परंतु त्यांचे गट पाडले तर काम सोपे होते.

पहिला गट : राजा ई-५, ई-६, ई-७, एफ-५ किंवा जी-५ वर गेला तर जी-७ हे घर मोकळे होते. काळा राजा तेथे जातो आणि पटाच्या कडेपासून सुटतो. राजा कडेला नसताना राजा व एकटा हत्ती यांना मात करता येत नाही. पाच चाली बाद.

दुसरा गट : हत्ती बी-१ ते जी-१ यांपैकी कोठेही गेला किंवा प्यादे एक वा दोन घरे पुढे सरकले, तर काळा राजा एच-७ वर जातो. पांढरा राजा एफ-६ वरच असल्याने जी-८ हे घर त्याच्या ताब्यात नाही. हत्तीने उभ्या पट्टीतून शह दिला काय किंवा आडव्या ओळीतून दिला काय, जी-८ खुले राहते. आठ चाली बाद.

तिसरा गट : हत्ती एच-१ वर जाऊन शह देतो तेव्हा राजा जी-८ वर जातो, आणि पुढच्या चालीत मात नाही. राजा जी-६ वर गेला तर प्याद्यामुळे हत्ती अडतो. दोन चाली बाद.

पाच, आठ आणि दोन मिळून पंधरा. उरलेली सोळावी चाल म्हणजे उत्तर. ही सिद्धता गणितातील प्रकरणवार सिद्धतेसारखीच आहे. तिच्यात प्रत्येक गटासाठी एकच कारण पुरते, आणि कारण सापडणे हेच कोडे सोडविण्याचे खरे श्रेय होय. ज्याला केवळ उत्तर सापडले त्याला एक चाल कळली. ज्याला पंधरा चाली का चुकतात हे कळले त्याला राजा आणि हत्ती यांची मात कळली.

६. बलिदान : शह जेव्हा खरोखर जवळचा असतो

शांत चालीचे महत्त्व सांगताना शहाला सरसकट गौण लेखणेही चुकीचे ठरेल. दुसरी स्थिती पाहावी. काळ्याचा राजा एच-८ वर, हत्ती एफ-८ वर, प्यादी जी-७ आणि एच-७ वर. पांढऱ्याचा राजा जी-१ वर, वजीर सी-४ वर आणि घोडा एच-६ वर. पाळी पांढऱ्याची.

येथे पांढरा वजीर थेट जी-८ वर जाऊन शह देतो. घोड्याचा जोर असल्याने राजाला वजीर मारता येत नाही. हत्तीने तो मारावाच लागतो. हत्ती जी-८ वर आला की राजाची चारही बाजूंनी स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडी होते, आणि घोडा एफ-७ वर उडी घेऊन मात करतो. ही कोंडमाऱ्याची मात युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ग्रंथबद्ध आहे.

येथे शांत चालीला वाव नाही. घोडा जी-७ वरील प्याद्याच्या माऱ्यात असल्याने पांढऱ्याने उसंत दिली की तो मारला जाईल. म्हणून शोधाचा व्यावहारिक क्रम असा सांगता येईल : प्रथम प्रतिस्पर्ध्याला सर्वांत कमी पर्याय देणाऱ्या चाली पाहाव्यात, मग त्या शह असोत वा नसोत. पहिल्या स्थितीत राजा एफ-७ या चालीने काळ्याला एकच पर्याय दिला, दुसऱ्या स्थितीत वजिराच्या बलिदानाने एकच पर्याय दिला. दोन्हींचे बाह्यरूप भिन्न असले तरी तत्त्व एकच आहे.

७. मुंबई, १८१४ : दोन खेळांच्या संधीवर

कूटप्रश्नांची ही परंपरा मुंबईला नवी नाही. १८१४ साली मुंबईत बुद्धिबळावरील एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत रचनेचा तो अनुवाद होता. त्याच्या शीर्षकातच दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या : एक, पुस्तकातील सामग्री युरोपीय पद्धतीच्या खेळाला अनुसरून सिद्ध केली आहे, आणि दुसरी, तीत मुख्यतः शिकणाऱ्याची प्रगती व स्मरणशक्तीचा व्यायाम साधणाऱ्या बिकट स्थिती दिल्या आहेत. पेशवाईच्या अखेरच्या काळात एका शास्त्र्याने संस्कृतात रचलेले पटावरचे पेच मुंबईच्या छापखान्यातून इंग्रजीत बाहेर पडावेत, ही घटना सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

‘युरोपीय पद्धतीला अनुसरून’ हे शब्द येथे का आवश्यक ठरले? कारण देशी खेळाचे नियम वेगळे होते आणि ते प्रांतोप्रांती बदलत. प्यादे पहिल्या चालीत सर्वसाधारणपणे एकच घर सरके. राजाला किल्लेकोटाऐवजी एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. प्रतिपक्षाची सर्व मोहरी मारली जाऊन त्याचा राजा एकटा उरला तर त्या अवस्थेला फारसी परंपरेत ‘बुर्द’ म्हणत, आणि तो पूर्ण विजय न मानण्याचा प्रघात होता. हा प्रघात लागू केला तर वर दिलेली पहिली स्थिती कोडे म्हणून उभीच राहत नाही, कारण तेथे काळ्याचा राजा आधीपासूनच एकटा आहे. दुसरी स्थिती मात्र टिकते. लघुतम मात ही पटावरच्या मोहऱ्यांएवढीच नियमांवरही अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

याहून महत्त्वाचा भेद मूल्यांचा आहे. मराठीत ‘प्यादेमात’ हा शब्द आजही वापरात आहे. सर्वांत दुबळ्या मोहऱ्याने बलाढ्य राजाला नमविणे ही देशी खेळात विशेष मानाची गोष्ट समजली जाई. भारतीय पद्धतीच्या जुन्या पेचांत अमुकच मोहऱ्याने मात करावी, अशा अटी आढळतात. म्हणजे तेथे प्रश्न ‘किती लवकर?’ एवढाच नसे, ‘कोणाकडून?’ हाही असे. वजिराने तीन चालींत होणारी मात सोडून प्याद्याने सहा चालींत मात करणारा खेळाडू त्या दृष्टीने अधिक कुशल ठरे. कमीत कमी चाली हा निकष स्वयंसिद्ध नसून तो एका विशिष्ट परंपरेत सर्वोच्च झाला, याचे हे बोलके प्रमाण होय.

युरोपीय कूटप्रश्नालाही भारताने दिलेले एक योगदान प्रसिद्ध आहे. १८४५ साली हॉवर्ड स्टॉन्टन यांच्या लंडनमधील नियतकालिकात ‘शागिर्द’ या टोपणनावाने भारतातून आलेले एक चार चालींचे कोडे प्रसिद्ध झाले. दिल्ली येथील पाद्री हेन्री ऑगस्टस लव्हडे हे त्याचे कर्ते होते. त्यात पांढरा आपला उंट प्रथम लांब मागे नेतो, मग त्याच्याच वाटेत आपला हत्ती आडवा घालतो. उद्देश एवढाच की काळा राजा स्टेलमेटमध्ये न अडकता त्याला एक चाल मिळावी. ती त्याने केली की हत्ती बाजूला होतो, उंटाची वाट खुलते आणि मात होते. स्वतःच्याच मोहऱ्याची वाट अडविणे हा लघुतम मार्ग असू शकतो, ही कल्पना तेव्हा इतकी अपूर्व होती की ‘भारतीय कूटप्रश्न’ हे नाव रचनाशास्त्रात कायमचे रूढ झाले.

८. गिरगाव : पटावरील डाव आणि कोडे यांतील अंतर

कूटप्रश्नातील लघुतम मात आणि प्रत्यक्ष स्पर्धेतील खेळ यांतील अंतर पाहण्यासाठी गिरगावाकडेच वळावे लागते. १९२३ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी सुरू केलेले ‘नवाकाळ’ हे दैनिक आणि गिरगाव यांचे नाते सर्वश्रुत आहे. याच खाडिलकर कुटुंबातील वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन भगिनींनी भारतीय महिला बुद्धिबळाचा पाया घातला. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली तेव्हा वासंती खाडिलकर विजेत्या ठरल्या. पुढील वर्षांत जयश्री आणि रोहिणी यांनी हे विजेतेपद अनेकदा मिळविले. १९८१ साली हैदराबाद येथे रोहिणी खाडिलकर आशियाई महिला विजेत्या झाल्या.

१९७६ साली रोहिणी खाडिलकर यांनी वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. त्यावर आक्षेप घेतला गेला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. यूवे हे माजी विश्वविजेते होते, तसेच गणिताचे अभ्यासकही होते. चालीची योग्यता ती करणाऱ्यावरून ठरत नाही, हे कोणत्याही सिद्धतेचे मूलतत्त्व या निर्णयाच्याही मुळाशी होते, असे म्हणता येईल.

स्पर्धेतील डावात दोन चालींची मात आणि वीस चालींची मात यांना सारखाच एक गुण मिळतो. घड्याळ चालू असते. म्हणून खेळाडू बहुधा लघुतम मार्ग न शोधता निश्चित मार्ग स्वीकारतो, आणि ते योग्यच असते. मग लघुतम मातेचा अभ्यास करावा तरी कशासाठी? एक कारण नियमातच आहे. पन्नास चालींत कोणतेही मोहरे मारले गेले नाही आणि प्यादे हलले नाही तर डाव बरोबरीचा म्हणून मागता येतो. राजा आणि वजीर यांनी एकट्या राजावर जास्तीत जास्त दहा चालींत, तर राजा आणि हत्ती यांनी जास्तीत जास्त सोळा चालींत मात होते. पण वजिराविरुद्ध हत्ती असा सामना असेल तर अचूक खेळूनही ३१ चालींपर्यंत मजल जाऊ शकते. तेथे दिशा नसलेले शह पन्नास चाली सहज संपवितात.

९. संगणक आणि उलट दिशेचा शोध

हा धोका काल्पनिक नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केन थॉम्सन यांनी वजीर विरुद्ध हत्ती या अंतखेळाची संपूर्ण सारणी संगणकावर तयार केली. अमेरिकन ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन या सारणीविरुद्ध बसले आणि पहिल्या प्रयत्नात त्यांना पन्नास चालींत विजय मिळाला नाही. अभ्यास करून केलेल्या दुसऱ्या प्रयत्नात ते यशस्वी झाले, तेही अगदी पन्नासाव्या चालीला. संगणकाच्या बचावाच्या चाली माणसाला अनैसर्गिक वाटणाऱ्या, पण मात सर्वाधिक लांबविणाऱ्या होत्या.

ही सारणी तयार करण्याची रीत मानवी शोधाच्या नेमकी उलट आहे. संगणक प्रथम मात झालेल्या सर्व स्थिती नोंदवितो. नंतर ज्यांतून एका चालीत तेथे पोहोचता येते त्या स्थितींना ‘एक’ हा अंक देतो. मग ज्या स्थितींत काळ्याची प्रत्येक चाल अशा स्थितीतच जाऊन पडते त्या शोधतो, आणि असे करीत मागे मागे जातो. यास प्रतिगामी विश्लेषण म्हणतात. या रीतीने मिळालेला अंक लघुतमच असतो, कारण लहान अंकांच्या सर्व स्थिती आधीच संपलेल्या असतात. २०१२ पर्यंत मॉस्को येथे सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची अशी सारणी तयार झाली, आणि तीत पाचशेहून अधिक चालींनी होणाऱ्या माती आढळल्या.

अशा स्थितीत संगणक उत्तर देतो, पण कारण देत नाही. पहिल्या उदाहरणात सोळा चालींचे तीन गट पाडून जे कारण सापडले ते सारणीत कोठेही लिहिलेले नसते. तेथे प्रत्येक चालीसमोर केवळ एक अंक असतो. आज कोणत्याही विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर असलेली आज्ञावली दोन चालींची मात क्षणार्धात दाखविते. ती पाहून विद्यार्थ्याला उत्तर कळते, पण पंधरा चाली का चुकतात हे शोधण्याचा व्यायाम मात्र त्याच्या हातून निसटतो.

१०. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. लघुतम मात ही नियम, स्थिती आणि प्रतिपक्षाचा सर्वोत्तम बचाव या तिहींच्या संदर्भातच निश्चित होते. शह देणे हा तिचा हमखास मार्ग नव्हे. प्रतिपक्षाचे पर्याय कमी करणारी चाल, मग ती शांत असो वा बलिदानाची, हाच तिचा मार्ग होय. उत्तर सापडणे पुरेसे नसून इतर उत्तरे का टिकत नाहीत हे सांगता आले पाहिजे. आणि ‘लवकर’ हाच एकमेव निकष नाही, हे प्यादेमातीची कदर करणाऱ्या देशी परंपरेने फार पूर्वी ओळखले होते.

शाळा-महाविद्यालयांतील बुद्धिबळ वर्गांत ‘मात सापडली का?’ या प्रश्नाबरोबर ‘बाकीच्या चाली का नाहीत?’ हा प्रश्नही नियमाने विचारला जावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका चालीत संपते. दुसऱ्याचे उत्तर देताना विद्यार्थी प्रतिपक्षाच्या बाजूने विचार करावयास शिकतो, आणि त्यासाठी पट, बत्तीस मोहरी व थोडा निवांतपणा यांखेरीज काहीही लागत नाही. किंबहुना, आपण पाहिलेल्या पहिल्या कोड्यासाठी तर चारच मोहरी पुरतात.